तांब्याची तार आणि कापसाची खोली

तांब्याच्या तारेबद्दल आमच्याकडच्या कास्तकाराला फार समजावून सांगावं लागत नाही. डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, शिवाराच्या एका टोकाला, बोअर दुसऱ्या टोकाला, मधे धुऱ्याधुऱ्याने गेलेली केबल आणि रात्रीच्या लाइनवर ओलीत. केबल जितकी लांब आणि बारीक, तितका मोटरपाशी पोचणारा व्होल्टेज कमी. व्होल्टेज पडला की मोटर तेवढ्याच कामासाठी जास्त करंट ओढते, तापते आणि ऐन हरभऱ्याच्या ओलितात जळते. दारव्हा तालुक्यात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर घेऊन कोणी आलं की मी लगेच ती उघडत नाही. केबल किती लांब, कितीची आणि मधे जॉइंट किती, हे आधी विचारतो. बरेचदा दुखणं तिथेच सापडतं.

तेव्हा तारेने फरक पडतो, हे मला पटवून द्यायची गरज नाही. मोटरच्या तारेबद्दल जे प्रश्न मी रोज विचारतो, तेच गाण्याच्या तारेबद्दल विचारले तर काय उत्तर येतं, एवढंच मला या लेखात मांडायचं आहे. कारण गाणं ऐकणं ही माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे. दुकान बंद करून घरी आल्यावर हातपाय धुऊन मी स्पीकरसमोर बसतो, तो तास मी कोणाला देत नाही. आणि या छंदात पैसा चुकीच्या जागी जातो तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

निमित्त झालं भाच्याचं. तो पुण्यात नोकरीला आहे. संक्रांतीला आला तेव्हा बॅगेतून स्पीकरची केबल काढली. बोटाएवढी जाड, वरून विणलेली जाळी, टोकांना सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना. किंमत सांगितली तेव्हा मी मनात हिशेब केला की एवढ्यात माझ्या बोअरमधल्या सबमर्सिबलची अख्खी केबल आली असती. "मामाजी, तुम्ही ऐका तर खरं," तो म्हणाला. "खंजिरीचा आवाज वेगळाच होते." खंजिरी त्याने मुद्दाम काढली, कारण माझं घर गुरुदेव सेवा मंडळाचं. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी आमच्याकडे लहानपणीच कान तयार होतात, आणि खंजिरीच्या झांजांची ती बारीक, लखलखीत किणकिण ज्या स्पीकरवर नीट येत नाही तो स्पीकर मी घरात ठेवत नाही.

आधी कागदावरचं बोलू. तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची साधी लवचीक वायर, जी आपण घराच्या वायरिंगला अडीचची म्हणून आणतो, तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, किलोमीटरला साधारण 8 ओहम. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर तार, म्हणजे 0.05 ओहमही नाही. स्पीकर 8 ओहमचा. या तारेत आवाज जेमतेम 0.05 डेसिबल कमी होतो. कानाला एवढा फरक कळत नाही. आता चांदीची तार घ्या. चांदीचा रोध तांब्यापेक्षा पाच-सहा टक्के कमी. ऑक्सिजन काढलेलं शुद्ध तांबं घ्या, त्याचा फायदा साध्या चांगल्या तांब्यापुढे एखाद्या टक्क्याचा. आणि हे टक्के त्या 0.05 ओहमवर काढायचे आहेत, स्पीकरच्या 8 ओहमवर नाही, हे जाहिरातीत कुठेच लिहिलेलं नसतं.

माझ्या डोक्यात मात्र लगेच आमचा मे महिना आला. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला 0.39 टक्के. हे आकडे प्रयोगशाळेतल्या 20 अंशांवर दिलेले असतात. विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा त्याच तारेचा रोध दहा टक्क्यांच्या आसपास वाढलेला असतो. म्हणजे चांदीसाठी मोजलेल्या पैशांतून जे मिळालं, त्याच्या जवळजवळ दुप्पट आमचा उन्हाळा फुकट परत घेतो. तरीही मेमध्ये एखाद्या ऐकणाऱ्याने तारेत ऊन शिरल्याची तक्रार केली, असं माझ्या कानावर आलेलं नाही. स्पीकरच्या आतली व्हॉइस कॉइल, म्हणजे पडदा हलवणारं तारेचं वेटोळं, त्याहून कितीतरी जास्त तापते. मोठ्याने वाजवताना ती शंभर अंशांनी तापली तर तिचा रोध चाळीसेक टक्के वाढतो आणि आवाज दोन-तीन डेसिबलने दबतो. ते तांबं पेटीच्या आत असतं, कोणाला दिसत नाही, म्हणून त्यावर कोणी बोलत नाही.

बाकीचे दावे मी पटकन उरकतो. तारेवर बाण काढलेला असतो, या दिशेने लावा म्हणून. पण गाण्याचा प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो, त्याला बाण कुठला? सिग्नल लवकर पोचतो म्हणतात. तीन मीटर तारेतून जायला त्याला 15 नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात हवेतला आवाज केसाच्या जाडीइतकासुद्धा पुढे सरकत नाही. डोकं किंचित हललं तरी त्याहून मोठा फरक पडतो.

आता तार खरंच बोलते ती जागा. इथे मला आमच्या गावच्या डेकोरेशनवाल्या काकाजींबद्दल सांगायचं आहे, कारण आवाजाच्या तारेबद्दल त्यांच्याइतकं हाताने शिकलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. लग्नाचा मांडव, सप्ताह, पोळा, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळीकडे त्यांचे भोंगे. हायस्कूलमध्ये असताना मी त्यांच्या मागे वायरची बंडलं उचलत फिरायचो. मंदिरापासून वेशीपर्यंत तार ओढायची, तीही पाऊण चौरस मिलिमीटरची बारीक. अशी तीस मीटर तार म्हणजे जाऊन-येऊन साठ मीटर, दीड ओहमहून जास्त. 8 ओहमच्या स्पीकरला यात तीस टक्के ताकद कमी मिळते. 4 ओहमचा असेल तर जवळजवळ अर्धी. शिवाय स्पीकरचा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. 8 लिहिलेला स्पीकर कुठे पाच-साडेपाचवर उतरतो, कुठे तीसच्या वर चढतो. त्यामुळे दीड ओहमची तार कुठला सूर जास्त दाबते, कुठला कमी. हा फरक दीड-दोन डेसिबलचा होतो आणि तो कान असलेल्या कोणालाही ऐकू येतो. म्हणजे बारीक आणि लांब तार गाण्याचा पोत बदलते, यात काही शंका नाही.

काकाजींनी ओहमचा नियम शाळेत शिकला नव्हता, पण लांबच्या भोंग्यासाठी ते मशीनच्या मागच्या 100 व्होल्टच्या टर्मिनलवर तार लावायचे आणि भोंग्यापाशी ट्रान्सफॉर्मर. 100 वॅट 8 ओहमवर पाठवायचे तर साडेतीन अँपिअर लागतात, 100 व्होल्टवर एकच. तारेतला तोटा करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणून तोटा बारा पटींनी कमी. उपकेंद्रापासून गावाच्या डीपीपर्यंत वीज 11 हजार व्होल्टवर येते ती याच कारणाने. काकाजी एवढंच म्हणायचे, "लांब जायचं असन त भारी व्होल्टेजनं जाय."

त्यांच्याकडून शिकलेली दुसरी गोष्ट जॉइंटची. त्यांच्या बंडलात उंदरांनी कुरतडलेल्या, पावसात भिजलेल्या तारा असायच्या आणि प्रत्येक जॉइंट ते कार्यक्रमाआधी सोडवून, खरवडून, पुन्हा पिळायचे. हिरवट गंज चढलेला जॉइंट खरखर करतो, आवाज मधेच पडतो. महागड्या केबलने फरक पडला असं मनापासून सांगणाऱ्यांपैकी कित्येकांचं मला खरं वाटतं, ते या कारणाने. वर्षानुवर्षं हात न लावलेली जुनी तार काढली, पिना पुसल्या गेल्या, नवीन तार घट्ट बसली. जुनीच तार सोडवून, टोकं छिलून पुन्हा बसवली असती तरी तेच झालं असतं.

तिसरी गोष्ट माईकची. माईकमधून निघतात एक-दोन मिलिव्होल्ट, तर स्पीकरच्या तारेत कित्येक व्होल्ट. बहिणीच्या सासरी, ब्रह्मपुरीकडे, मी झाडीपट्टीची नाटकं पाहिली आहेत. दिवाळीनंतर सुरू होणारा तो हंगाम, रात्रभराचा खेळ, थंडीत घोंगडी पांघरून बसलेलं अख्खं गाव. पात्रांच्या डोक्यावर माईक टांगलेले, त्यांच्या तारा लायटिंगच्या तारांशेजारून गेलेल्या. तिथे साधी एकेरी तार वापरली की विजेची 50 हर्ट्झची घूं संवादात मिसळते. म्हणून माईकला बॅलन्स्ड केबल लागते. तिच्यात सिग्नल दोन तारांवरून उलट-सुलट जातो, बाहेरची घूं दोन्हींवर सारखीच बसते आणि पलीकडे वजाबाकी झाली की ती नाहीशी होते. इथे केबलवर पैसा खर्च करावा, आनंदाने करावा. रेकॉर्ड प्लेअरच्या केबलचंही तसंच. तिचा कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवण्याचा गुण, जास्त झाला तर मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजचे, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचे, वरचे सूर बदलतात. ही खरी, मोजता येणारी गोष्ट आहे.

आणि बाजारातली एक फसवणूक: ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर चढवलेली तार, तांब्याची म्हणून विकलेली. तिचा रोध तांब्याच्या दीडपट. ब्लेडने खरवडा. आत पांढरं निघालं तर परत करा. हे स्पीकरला लागू आहे आणि मोटरला तर त्याहून जास्त.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकलं आणि म्हणाला, "पण मामाजी, मला फरक ऐकू आला. ते खोटं कसं?" या प्रश्नाशी मला थांबायचं आहे, कारण इथे बहुतेक जण एकमेकांना मूर्ख ठरवून मोकळे होतात. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ऐकू आलं होतं. पण आपण एकट्या कानाने ऐकत नाही. 1976 मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या दोघा मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की आवाज एका अक्षराचा आणि समोरच्याच्या ओठांची हालचाल दुसऱ्या अक्षराची असेल, तर ऐकणाऱ्याला तिसरंच अक्षर ऐकू येतं. आणि हा परिणाम माहीत असला तरी तो जात नाही. डोळ्यांना दिसलेली जाड तार, मोजलेली किंमत, मित्राचा शब्द, हे सगळं सुरात मिसळूनच मेंदूपर्यंत पोचतं. त्यात आवाज अर्ध्या डेसिबलने मोठा झाला तर तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. म्हणून तुलना करताना दोन्हींची पातळी 0.1 डेसिबलपर्यंत सारखी करावी लागते.

यावरचा उपाय जुना आहे. कुठली तार चालू आहे हे ऐकणाऱ्यालाही माहीत नको आणि समोर असणाऱ्यालाही नको. 1982 मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात अशा चाचणीचं यंत्र मांडलं. अ ऐका, ब ऐका, मग क्ष ऐका आणि क्ष कोणता ते सांगा. 16 वेळा विचारलं आणि 12 बरोबर आले तर मानायला जागा आहे, कारण निव्वळ अंदाजाने 12 किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे. 2007 साली चमत्कारांचे दावे तपासणारे अमेरिकेतले जादूगार जेम्स रँडी यांनी 7,250 डॉलरची स्पीकर केबल साध्या चांगल्या केबलपासून ऐकून ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी शेवटी झालीच नाही, तेव्हा तिच्यावरून काही सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. ज्याला खरंच ओळखता येतं त्याच्यासाठी मात्र ती मोठी संधी होती.

आमच्याकडे दहा लाख डॉलर नव्हते, पण दुकानात चेंजओव्हर स्विच होता. डबल पोल, मधे ऑफ असलेला, म्हणजे बदलताना ॲम्प्लिफायर शॉर्ट व्हायची भीती नाही. एका बाजूला भाच्याची केबल, दुसऱ्या बाजूला माझी अडीचची वायर, दोन्ही सारख्याच लांबीच्या. शेजारची बारावीतली पोरगी आली. ती आतल्या खोलीत स्विचपाशी बसली, नाणं उडवून तार ठरवायची आणि वहीत लिहायची. आम्ही बाहेर, दारावर चादर. खंजिरी ऐकली, तंबोरा ऐकला, बासरी ऐकली. भाचा डोळे मिटून, जीव लावून ऐकत होता. शेवटी वही उघडली तेव्हा त्याचे अंदाज आणि तिचं नाणं यांचा काही मेळ नव्हता. माझेही नव्हते. तो बराच वेळ वही बघत बसला. मी काही बोललो नाही. एवढ्या प्रामाणिकपणे ऐकणाऱ्या पोराला टोमणा मारणं मला जमलं नसतं.

तीन दिवसांनी मात्र जे झालं त्यासाठी ना स्विच लागला, ना नाणं, ना चादर.

आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच असतो. बैठकीच्या खोलीत, मागच्या भिंतीला लागून, तीन-चार फूट जाडीचा, माणसाच्या डोक्याएवढा उंच ढीग. त्याच्या बाजूलाच आपण उठतो-बसतो, त्याची खाज सोसतो. त्या दिवशी गाडी आली, कापूस भरून जिनिंगला गेला. संध्याकाळी मी नेहमीसारखं भजन लावलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज कसा पोकळ आवाज येऊन रायला रे?" भाच्याने माझ्याकडे पाहिलं. खंजिरी भिंतीवर आपटून परत येत होती, झांजेचं प्रत्येक टिपूस लांबत होतं, ढोलकीचा खालचा आवाज एका कोपऱ्यात घुमत होता आणि खोलीच्या मधोमध गायब. तेच स्पीकर, तीच तार, तोच माणूस गातोय. आईला हाय-फाय हा शब्द माहीत नाही आणि ती तर समोरही नव्हती.

कापसाच्या तंतूंमधून आवाजाची हवा मागेपुढे जाताना घासली जाते आणि आवाजाची ताकद उष्णतेत मुरते. थर जितका जाड, तितका खालचा सूर त्यात मुरतो. 100 हर्ट्झच्या लाटेचा चौथा भाग म्हणजे जवळजवळ तीन फूट, आणि आमचा ढीग तेवढा होता. शहरातले स्टुडिओ भिंतींवर जाड, मऊ थर पैसे देऊन लावतात. आमच्या घरात दरवर्षी दोन-तीन महिने तो आपोआप उभा राहतो आणि आपण त्याच्याकडे फक्त क्विंटलच्या भावात बघतो.

हे शास्त्रसुद्धा अशाच एका मऊ वस्तूतून निघालं. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळेना, शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचे. वॉलेस सबीन या तरुण प्राध्यापकाकडे काम आलं. तो रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, एकेक वाढवत मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवून बंद करायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत. त्यातून त्याला कळलं की घुमणं खोलीच्या आकारमानावर आणि आतल्या शोषणावर ठरतं, आणि शोषण मोजायला त्याने माप धरलं उघड्या खिडकीचं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. त्याच्याजवळ गाद्या होत्या, घड्याळ होतं आणि रात्रभर जागायची तयारी होती.

खोलीचा दुसरा हिशेब भिंतींमधल्या अंतराचा. माझी खोली बारा फूट लांब. एवढ्या अंतरात 47 हर्ट्झच्या आसपासची लाट अडकून उभी राहते. तेवढा एकच सूर लावून खोलीत फिरा, भिंतीपाशी तो छातीवर दाबेल आणि मधे आलात की जवळजवळ ऐकू येईनासा होईल. स्पीकर कोपऱ्यातून दोन-अडीच फूट पुढे ओढला तरी कित्येक डेसिबलचा फरक पडतो. त्याला एक रुपया लागत नाही. विटामातीच्या, कवेलूच्या जुन्या घरांतून आपण सिमेंटच्या भिंती, टाइल्स आणि टिनाच्या छपरांकडे आलो, आणि गावात ज्याच्या त्याच्या घरी गाणं कर्कश का झालं, याचं मोठं उत्तर मला त्या भिंतींत दिसतं.

खोलीच्या बाहेर गेलो तर हवासुद्धा कामाला लागते. उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापलेली, आवाज वर वळून निघून जातो. पौषातल्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार, तेव्हा तोच आवाज खाली वळतो आणि चार किलोमीटरवरच्या गावातला सप्ताह अंथरुणात ऐकू येतो. काकाजींना थंडीच्या दिवसांत "आज भोंगा कमी करा" म्हणून शेजारच्या गावातून निरोप यायचा तो यामुळेच.

भाचा परत जायच्या आधी आम्ही दोघांनी मिळून काम केलं. स्पीकर भिंतीपासून पुढे घेतले, मागच्या भिंतीला आईच्या जुन्या कापसाच्या गाद्या उभ्या करून बांधल्या, ॲम्प्लिफायरच्या मागचे सगळे जॉइंट सोडवून टोकं नव्याने छिलली. तार माझीच, अडीचची. ती महागडी केबल परत करायची मुदत होती, ती त्याने परत केली आणि त्या पैशांत चांगले स्पीकर बघतो आहे. मी त्याला एवढंच सांगितलं की दुकानात ऐकायला जाताना खंजिरीचं रेकॉर्डिंग सोबत ने, आणि स्विच बदलणारा माणूस तुझ्या पाठीमागे उभा कर. मेमध्ये तो पुन्हा येणार आहे. तेव्हा ढीग नसेल, पारा चढलेला असेल, आणि गाद्यांचा थर दुप्पट करून ढोलकीचा तो कोपऱ्यातला घुमारा किती कमी होतो ते आम्हाला मोजायचं आहे.